बिनविटाळाची

आडाचं पाणी गार असतं, आणि आश्विनातल्या पहाटेचं तर हाडात शिरतं. म्हणून सविताला ते लगेच कळलं. डोक्यावरून दोन कळश्या घेतल्या होत्या, सोवळ्याचं पातळ अंगाला चिकटलं होतं, दातावर दात आपटत होते, आणि त्या सगळ्या गारठ्यातून मांडीच्या आतल्या अंगानं काहीतरी कोमट खाली सरकत आलं. गुडघ्यापाशी थांबल्यासारखं झालं, मग पोटरीवरून घोट्याकडं उतरलं. तिनं खाली पाहिलं. आडाच्या दगडावरून पाणी वाहत होतं आणि त्या पाण्यात गुलाबी दोरा सुटावा तसं काहीतरी लांबत चाललं होतं. आधी वाटलं, दोरानं तळहात सोलवटला. दोन्ही हात उघडून बघितले. हात शाबूत होते. मग तिनं बोटं पातळाच्या आत नेली, बाहेर काढून भिंतीवरच्या दिव्याकडं धरली, आणि नुसती बघत राहिली. दहा वर्षांनी बघत होती. नवरात्राची चौथी माळ होती, आत देवी पाण्याची वाट बघत होती, आणि ह्या वेळी काय करायचं असतं हे तिला आईनं शिकवलेलं होतं: कळशी असेल तिथं सोडायची, कशाला शिवायचं नाही, लांबून हाक मारून सांगायचं. तिनं ह्यातलं एकही केलं नाही. पायावर कळशी ओतली, दगड धुतला, नवं पाणी शेंदलं आणि देवघराकडं चालू लागली. पाण्याचं काय, ते धुतं. कुणाचं, कशाचं, असं ते विचारत नाही. विचारणारी माणसं असतात.

सावेडीत बंगले झाले तेव्हा सगळ्यांनी आपापले आड बुजवले, सविता कामाला होती त्या घरच्या पुष्पावतीकाकूंनी बुजवू दिला नाही. ही सगळी त्यांच्या सासऱ्यांची जमीन होती, प्लॉट पडले, रस्ते झाले, समोर शाळा आली, पण घटाला पाणी आडाचंच पाहिजे, आणि तेही हातानं शेंदलेलं. नळाचं पाणी चामड्याच्या वायसरातून येतं, टँकरच्या पाण्याला कुणाकुणाचे हात लागलेले असतात, मोटर लावली तर पाण्याला माणसाचा हातच लागत नाही, मग ते पुण्य कुणाच्या खाती जमा व्हायचं. असा काकूंचा हिशोब. न्हाऊन ओलेत्यानं पाणी शेंदायचं, भरलेली कळशी भुईला टेकवायची नाही, ती घटाच्या मातीला शिंपायची आणि देवीला अंघोळ घालायची. स्वतः काकू हे तीस वर्षं करत होत्या. मग गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. सून रेश्मा बँकेत, आणि तिचे दिवस नेमके नवरात्रातच यायचे. दोन वर्षं काकूंनी तिला पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या खायला लावल्या, त्यानं तिचं डोकं दुखायचं, उलट्या व्हायच्या, तिसऱ्या वर्षी हर्षलनं, म्हणजे काकूंच्या मुलानं, आईला सांगितलं की आता हे बंद. त्याच वर्षी जामखेडकडून सविता धुण्याभांड्याला आली होती.

काकूंनी पहिल्या आठवड्यातच सगळं काढून घेतलं होतं. गाव कोणतं, आडनाव काय, मामाकडचे कोण, दिलेली कुठं. सरळ जात विचारायची पद्धत आता राहिली नाही, पाव्हण्यारावळ्यांच्या नावातून ती चाळून घ्यायची असते. चाळणीतून सविता खाली पडली नाही. मग शेवटचा प्रश्न आला, पाळी कधी असते तुझी, मला आधी सांगायचं, त्या दिवसांत स्वयंपाकघरात यायचं नाही. सविता भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "मला येत न्हाई काकू. पिशवी काढलीया."

काकूंच्या तोंडावर जे उमटलं ते सविता कधी विसरली नाही. आजपर्यंत हे वाक्य ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी च्च च्च केलं होतं, किंवा नजर दुसरीकडं नेली होती. काकूंचा चेहरा मात्र उजळला. हरवलेला दागिना फडताळात सापडावा तशा त्या तिच्याकडं बघत राहिल्या. "म्हणजे तुला विटाळच नाही," त्या म्हणाल्या. "अगं, तू तर कायमची सोवळ्यातली. भाग्याची आहेस." भाग्याची. तिच्या बापानंसुद्धा तिच्यासाठी हा शब्द वापरला नव्हता. त्या रात्री मागच्या खोलीत सविता पोटावरच्या आडव्या व्रणावरून बोट फिरवत पडली होती आणि तिला वाटलं, चला, कुणाच्या तरी उपयोगी पडलं हे. माणूस इतका खाली गेलेला असतो की कुणी त्याच्या जखमेला देवघरात जागा दिली तर त्याला मान मिळाल्यासारखं वाटतं. तेव्हापासून नवरात्राचं पाणी तिचं. काकू बाकी सगळं धुऊन घ्यायच्या, भाजीवाल्यानं परत दिलेली नाणी धुवायच्या, गॅसची टाकी धुवायच्या, मोबाईल ओल्या फडक्यानं पुसायच्या, अंगणात पाहुणा बसून गेला की फरशीवर पाणी शिंपडायच्या. सविताचा हात मात्र धुतलेलाच धरला जायचा. वर काकू शेजारच्या बायकांना सांगायच्या, आमच्याकडं बिनविटाळाची आहे. सगळ्या कॉलनीत तिचं ते नाव झालं होतं, आणि तिला ते चालत होतं.

आणि आता हे. चौथ्या माळेचं पाणी तिनं घटाला शिंपलं. काळ्या मातीतून धानाचे पिवळसर कोंब बोटाच्या पेराएवढे वर आले होते. तिनं त्यांच्याकडं बारीक नजरेनं पाहिलं. काही झालं नाही. देवीचा मुखवटा होता तसा होता. दिवा फडफडला नाही. काकू पाटावर बसून पोथी वाचत होत्या आणि मधेच बोटानं तिला खूण करत होत्या, उजव्या बाजूची माती कोरडी राहिली, तिकडं घाल. तिनं तिकडं घातलं.

खोलीत येऊन तिनं दार लावलं, जुन्या लुगड्याचा धडपा फाडला, घडी केली. हातांना ती घडी अजून येत होती. तीनदा दुमडायची, मधे गाठ येऊ द्यायची नाही. तिचे डोळे भरून आले आणि ती हसत होती. कारण बाई गं, जे काढलं ते परत येत नसतं असं कोण म्हणतं? तिनं जन्मभर ऊस तोडला होता. ऊस भुईलगत तोडतात, इतका खाली की कोयत्याला माती लागते, रान बघितलं तर वाटतं इथं काही नव्हतंच. आणि तीन आठवड्यांनी त्याच बुडख्यातून हिरवे फुटवे वर येतात. कुणी बेणं लावलेलं नसतं. खोडवा त्याला म्हणतात. कधी कधी नव्या लागणीपेक्षा खोडव्याचा ऊस सरस असतो. मुळी जित्या असल्या, ओल मिळाली, की फुटतं. तिला तीन नवरात्रं ओल मिळाली होती, देवीच्या पाण्याची, सोवळ्याची, पहाटेची. तिच्या पोटात बुडखा राहिला असेल. डॉक्टर काय, घाईत होता, त्या दिवशी बाहेर बाकावर सात-आठ जणी बसल्या होत्या, त्यानं काय भुईलगत तोडलं असेल? फुटवा आला होता. पिशवीला खोडवा फुटला होता. असली वेडगळ गोष्ट शहरात कुणी मनातसुद्धा आणणार नाही, पण शहरात कुणी ऊस तोडलेला नसतो आणि कुणी सविताला पोटातलं काही समजावून सांगितलेलंही नव्हतं. तिच्या अंगाबद्दल तिला जे ठाऊक होतं ते उसाकडून ठाऊक होतं.

तो तालुक्याचा दवाखाना तिला आठवायचा तो वासानं. फिनेलचा वास आणि त्यात गोजरबाई, म्हणजे तिची सासू, बाकावर बसून शेंगा फोडत होती त्या भाजक्या शेंगांचा वास. सविता तेव्हा चोवीस वर्षांची. एक पोरगी झाली होती, धनश्री, आणि दुसरं पोटातलं उसाच्या फडातच गेलं होतं, डोक्यावर मोळी असताना. त्यानंतर अंगावरून पांढरं जायचं, पाळीत कंबर मोडायची. फडात पाळीसाठी जागा नसते. मुकादम नवराबायकोचा मिळून एक कोयता धरतो, त्यातली एक घरी बसली तर खाडा, खाड्याला दंड. न्हाणी नाही, पाणी नाही, पाचटाच्या कोपीच्या मागं अंधारात धडपा धुवायचा आणि ओला तसाच पुन्हा घ्यायचा. टोळीतल्या पाचसहा जणींनी आधीच काढून टाकली होती आणि त्या सुटल्यासारख्या हिंडत होत्या. डॉक्टरनं तिच्याकडं पाहिलं नाही, सोनोग्राफीच्या कागदाकडं पाहिलं आणि गोजरबाईला म्हणाला, पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल, पुढं तुमचं तुम्ही बघा. कॅन्सर म्हटल्यावर गोजरबाईनं शेंगा ओच्यात टाकल्या आणि विचारलं, "काढल्याव किती दिसांनी कोयता धरंल?" एवढंच विचारलं. तिनं कोयता धरला, पोटाला फडकं करकचून बांधून, टाके ओले असताना. आणि दोन सुगी गेल्यावर तीच गोजरबाई गावात सांगत हिंडायला लागली की सुनेला पिशवीच न्हाई, वंशाला दिवा कुठनं यायचा. अजिनाथनं, तिच्या नवऱ्यानं, दुसरी केली. सविताला कुणी हाकललं नाही, म्हणजे तोंडानं नाही. नवीन आलेली पाळीला बाजूला बसायची तेव्हा तिचा सगळा कामधंदा सविताकडं यायचा, कारण सविताला कधीच बाजूला बसायचं नव्हतं. धनश्रीला पंधराव्या वर्षी कर्जतकडं देऊन टाकली. लग्नाला गाडीत जागा नव्हती म्हणून सविता टेम्पोत मागं उभी राहून गेली होती.

बाजूला बसणं. हे तिला आता ह्या खोलीत, धडपा लावून बसल्यावर, आठवायला लागलं. माहेरी गोठ्याच्या कडेला एक गवताचं सपार होतं. तिथं चार दिवस बसायचं. भाकरी लांबून सरकवायचे, पाणी वरून ओंजळीत ओतायचे, धाकटा भाऊ मुद्दाम जवळ येऊन शिवतो शिवतो म्हणून चिडवायचा. तेव्हा तिला लाज वाटायची, राग यायचा, आणि तो राग खराच होता, कारण माणसाला गुरासारखं बांधून ठेवण्यात काही पुण्य नाही, कुणी कितीही शास्त्र सांगो. पण चौथ्या दिवशी आई न्हाऊ घालायची. चुलवणावर हंडा तापायचा, शिकेकाईचा वास सुटायचा, आई तांब्यामागून तांब्या डोक्यावर ओतायची, आणि शेवटच्या तांब्याला म्हणायची, झालं, ये आता घरात. त्या पाण्यानं ती परत माणसात यायची. केस पिळून उंबऱ्याच्या आत पाय ठेवला की भाऊ येऊन गळ्यात पडायचा, आजी हातात गूळ ठेवायची. दहा वर्षं तिच्या डोक्यावर तसं पाणी पडलं नव्हतं. आडाचं पाणी पडत होतं, पण ते देवीसाठी. जी कधी बाहेर बसतच नाही तिला आत ये कोण म्हणणार? बिनविटाळाची म्हणजे सदा आतली नव्हे, सदा बाहेरची, हे तिला इतक्या वर्षांनी त्या धडप्याच्या उबेत कळत होतं.

पाचव्या माळेला रक्त होतं. सहाव्यालाही. तिनं पाणी शेंदणं सोडलं नाही, आणि सांगितलंही नाही. भीती होतीच. देवी उठेल, हातापायाला लुळेपणा येईल, घटातलं धान पिवळं पडून आडवं होईल, हे सगळं तिला लहानपणापासून ऐकून पाठ होतं. धान मात्र वाढत होतं, काकू शेजारणींना बोलावून दाखवत होत्या, बघा यंदाचं धान कसं तरारलंय, सोवळं पाळलं की असं असतं. सविता दारात उभी राहून ते ऐकायची आणि तिला आतून उकळी फुटायची. एक वाईट, नासकं हसू. घाला, म्हणायची ती मनातल्या मनात, माझ्या विटाळाचं पाणी घाला तुमच्या देवीला, बघा कशी पिते.

सहाव्या माळेच्या दुपारी तिनं अजिनाथला फोन लावला. वर्षभरात लावला नव्हता. आधी मागून गोजरबाई कोण म्हणून विचारताना ऐकू आली, मग त्यानं बाहेर येऊन कसंय म्हटलं. त्याचा आवाज मऊ होता, आणि तिला वाटलं, ह्याला कळलं की काय आपोआप. त्यानंच बोलायला सुरुवात केली. टोळी दसऱ्यानंतर निघणार. कारखाना लवकर पेटणार. धाकटीला दिवस गेलेत, सातवा चाललाय, तिला वाकवत नाही, मुकादम म्हणतो अर्धा कोयता मी धरणार नाही. तू येतीस का? त्यानं फार गोड विचारलं. तुझ्याइतकी मोळी कुणाला बांधता येत न्हाई, म्हणाला. धाकटीपण म्हणती, अक्काला आना. सविता फोन कानाला लावून खोलीच्या चौकटीत बसली होती. समोर आडावर ओला दोर वाळत होता. ती म्हणाली, मी यीन, पण तुमास्नी एक सांगायचं हाय. आणि तिनं सांगितलं. लाजत, शब्द गिळत, पहिल्या रात्रीसारखं. मला परत यायला लागलंय.

 मग अजिनाथ म्हणाला, "मंग तुजा काय उपेग?"

तिला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तो पुढं बोलत होता, आणि त्याच्या आवाजातला मऊपणा तसाच होता, हे जास्त वाईट. अगं तुला पिशवी न्हाई म्हनून तर तुझं नाव मुकादमाला सांगितलं, मी त्याला शब्द दिला की हिचा खाडा पडत न्हाई. आता तुजं दर म्हैन्याला सुरू झालं तर मी काय सांगू. आणि पोरगं व्हायचं म्हनशील तर ते हितं व्हतंयच, सोनोग्राफीवाल्यानं हळूच सांगितलंय. तू एक काम कर, परत दाखव कुठंतरी, न्हाईतर गोळी घे, चार म्हैन्याचा तर सवाल हाय. तिनं फोन ठेवला नाही, तो बोलायचा थांबला तेव्हा आपोआप बंद झाला. तिला रडायला आलं नाही. एकच विचार डोक्यात घुमत राहिला, की नवऱ्याला ती रिकामी पाहिजे, आणि देवीलाही रिकामीच पाहिजे. तिच्यात काही असावं असं वाटणारी जगात एकटी तीच होती. मग तिनं पोटावर हात ठेवला आणि ठरवलं, असू दे. कुणाला नको तर नको. मला पाहिजे. हे माझं आहे. बाजूला बसीन, चार दिवस बसीन, चौथ्या दिवशी माझं मी पाणी तापवीन आणि माझ्या हातानं डोक्यावर घेईन.

वास तिला पहिल्या दिवसापासून येत होता. ती स्वतःला सांगायची, दहा वर्षांचं साठलेलं, वास येणारच. साचलेल्या आडाला येतो तसा. पण तो आडाचा वास नव्हता, तिला ठाऊक होतं तो कशाचा होता. फडात एकदा साप कोयत्याखाली येऊन मोळीत बांधला गेला होता आणि दोन दिवसांनी गाडी रिकामी करताना सापडला होता. तसा. ती अगरबत्तीची राख अंगाला लावायची. सहाव्या माळेच्या संध्याकाळी रेश्मा बँकेतून आली, स्कूटर लावायला मागच्या बाजूला आली, आणि खोलीच्या दाराशी थबकली. दोरीवर, टॉवेलखाली लपवलेला धडपा वाऱ्यानं उघडा पडला होता. रेश्मानं धडप्यावरचे डाग पाहिले. हेल्मेट हातात घेऊन उभी राहिली. मग हळू आवाजात तिनं विचारलं किती दिवस झाले, आणि सवितानं सांगितलं, चेहऱ्यावरचं हसू न लपवता. परत सुरू झालं वहिनी, म्हणाली. खोडवा फुटावा तसं.

रेश्मानं डोळे मिटले. मग एखाद्या गिऱ्हाइकाला समजावतात तसं तिनं समजावलं. पिशवी परत येत नसते. काही ठिकाणी डॉक्टर वरची पिशवी काढतात आणि खालचं तोंड तसंच ठेवतात. तुमचं ठेवलं असणार. त्या तोंडाला पुढं कॅन्सर होऊ शकतो. "पिशवी काढलेल्या बाईला रक्त आलं तर ती पाळी नसते, सविताबाई. माझ्या मावशीला असंच झालं होतं. उद्याच्या उद्या दाखवायला पाहिजे." मावशीचं पुढं काय झालं ते सवितानं विचारलं नाही आणि रेश्मानं सांगितलं नाही. जाताना रेश्मा वळली.  म्हणाली, आईंना एवढ्यात सांगू नका, मी बघते कसं करायचं ते. रेश्माच्या पाळीची तारीख परवाची होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक असायचं. उद्यापासून पाणी कोण भरणार, हा प्रश्न उठला असता तर कपाटातल्या गोळ्यांचं पाकीट पुन्हा बाहेर आलं असतं. रेश्मा काही वाईट बाई नव्हती. चांगली माणसं एवढंच करतात, एक रात्र गप्प बसतात.

सविताचा तिच्यावर विश्वास बसला नाही. तिनं विश्वास बसू दिला नाही असं म्हणावं लागेल. रात्रभर ती स्वतःशी भांडत होती. शिकलेल्या बायकांना काय कळतं. ह्यांनी कधी बुडखा बघितलाय का. कॅन्सर होईल म्हणून तर काढली, मग कॅन्सर कसा होईल? जी गोष्ट टाळायला पोट फाडून घेतलं तीच व्हावी, इतका काही देव हरामी नसतो. पहाटे ती उठली, न्हाली, पातळ गुंडाळलं, आणि आडाशी वाकली तेव्हा पोटात असा काही पीळ पडला की दोर हातातून सुटला. बादली खाली आपटल्याचा आवाज झाला. ती कठड्याला धरून उकिडवी बसली. रक्त ह्या वेळी दोऱ्यासारखं नव्हतं.

आवाज ऐकून काकू काठी टेकत मागच्या दारी आल्या. सातवी माळ, फुलोऱ्याचा दिवस, त्यांना देवीवर टांगायच्या कडाकण्यांचं पीठ मळायचं होतं, परात काढून ठेवलेली होती. त्यांनी दगडाकडं पाहिलं, पातळाकडं पाहिलं, आणि तीन पावलं मागं सरकल्या. पदर नाकाला लावला. त्या मागं सरकल्या त्या क्षणी सविताला काय वाटलं ते सांगून कुणाला पटणार नाही. तिला आनंद झाला. शेवटी कुणीतरी मागं सरकलं. आईसारखं, आजीसारखं. कुणीतरी तिला शिवायला घाबरलं. ती दुखत्या पोटानंच ताठ झाली आणि मोठ्यानं म्हणाली, इतकी मोठ्यानं की शेजारच्या खिडकीतला दिवा लागला:

"मी भाईर झाले काकू. मला शिवू नका. चौथ्या माळंपासनं हाय."

काकूंच्या तोंडाचा रंग उडाला. चौथी, पाचवी, सहावी, सगळं पाणी. त्यांनी भिंतीला हात टेकला. मग त्यांनी कनवटीचा मोबाईल काढला, आणि गुरुजींना लावला, पहाटेच. नवरात्रात गुरुजी जागेच असतात. त्यांनी सगळं सांगितलं, खाजगी न ठेवता, सविता समोर उभी असताना, पिशवी काढलेली आहे, दहा वर्षं झाली, आता असं. घटाचं काय, तीन दिवसांच्या पूजेचं काय. फोन मोठ्या आवाजावर होता. गुरुजींचा आवाज कुठल्या तरी घंटेच्या आवाजातून आला, शांत, सवयीचा. विटाळ गर्भाशयाचा असतो, म्हणाले. गर्भाशयच नाही तर विटाळ कुठून? हे आजाराचं रक्त. बोट कापलं तर आपण काय करतो, धुतो आणि कामाला लागतो. पातळ बदलायला सांगा, न्हायला सांगा. पूजेला बाध नाही. त्यांनी तब्येतीची काळजी घ्या असंही म्हटलं, पुढच्या यजमानाचा फोन येत होता म्हणून जरा घाईनं.

काकूंच्या जिवात जीव आला. तो आलेला दिसला, खांद्यातून, मानेतून. पदर नाकावरून खाली आला. त्या तीन पावलं पुढं आल्या, जशा मागं गेल्या होत्या. आणि त्यांनी सविताच्या पाठीवर हात ठेवला. खरंच ठेवला, मायेनं. "घाबरलीस ना," म्हणाल्या. "काही नाही गं. विटाळ नाही तो. दुखणं आहे. दसरा झाला की चांगल्या डॉक्टरला दाखवू, मी हर्षलला सांगते. दोनच माळा राहिल्यात. जा, दुसरं पातळ नेस आणि तेवढं पाणी भर."

"विटाळ हाय त्यो," सविता म्हणाली.

काकू हसल्या. वेडी आहेस, म्हणाल्या. गुरुजी सांगतात ना.

मग सवितानं जे केलं ते तिनं ठरवून केलं नव्हतं. तिनं रक्तानं भिजलेल्या पातळावर हात फिरवून तांबडा केला, आणि काकूंचं मनगट धरलं. दुसऱ्या हातानं दुसरं मनगट. बांगड्यांवर, तळव्यांवर, बोटांमधे तिनं तो हात फिरवला, हळदीच्या दिवशी नवरीला लावतात तसा सगळीकडून. काकू धडपडल्या नाहीत, गुडघ्यांमुळं त्यांना धडपडता येत नव्हतं. सविता त्यांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन सांगत होती, शिवले मी तुमास्नी. आता जा. आंघूळ करा. डोक्यावरून पानी घ्या. शिव्या द्या मला, पायरीखाली हाकला, पर आंघूळ करा. तिचा आवाज वर जात नव्हता, खाली खाली जात होता, आणि शेवटी ती नुसती विनवत होती, करा ना काकू, एक तांब्या घ्या की, एकच.

काकूंनी आपली मनगटं सोडवून घेतली, रागानं नाही. त्यांच्या डोळ्यांत दया होती. ती दया सवितानं पाहिली. काकूंनी पदराच्या टोकानं बोटं पुसली, एकेक करून, पाणी न घेता. पूर्वेला उजाडत होतं. त्या काठी टेकत आत गेल्या, स्वयंपाकघरातला दिवा लावला, पाटावर बसल्या, परात पुढं ओढली. मागच्या दाराच्या चौकटीतून सविताला सगळं दिसत होतं. आता उठतील, मोरीकडं जातील, आता नळ सोडतील, असं म्हणत ती बघत राहिली. काकूंनी कणकेत मोहन घातलं, चिमूट मीठ टाकलं, आणि तेच हात देवीच्या पिठात घालून त्या मळायला लागल्या.